खोरं तुमच्या हातात

खोरं नीट धरा. दांडा बाभळीचा, नवाकोरा, तासल्याच्या कडा अजून मोडलेल्या नाहीत. दुपारपर्यंत तळहाताला फोड येणारच. शके १७१६, आनंद संवत्सर, फाल्गुनाचा वद्य पक्ष. इंग्रजी हिशेबानं १० मार्च १७९५. होळी होऊन चार-पाच दिवस झालेत, राहुट्यांच्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या धोतरांवर अजून रंगाचे डाग दिसतात. डोक्यावर मोहरीचा घाट, आणि खर्ड्याला निजामअलीचा तळ. खाली नजर पोचेल तिथपर्यंत मराठ्यांची छावणी: पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन. माणूस किती, याचा आकडा जो तो आपल्या सोयीनं सांगतो, पण लाखाच्या खाली कुणी उतरत नाही.

एवढ्या गर्दीत तुमच्या वाट्याला आलंय ते जमीन उकरायचं काम. मोर्चा नाही, खंदक नाही. आखाडा.

सांगणारा वस्ताद म्हातारा आहे. कानाच्या पाळ्या चेचून गोळा झाल्यात, मान खांद्यात रुतलेली, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं खाली बघत काम करावं. "खडा ऱ्हायला तर तुझ्याच पाठीत घालीन," एवढी सूचना देऊन तो एका खोगिरावर टेकतो. तुम्ही खणायला लागता. वरचा थर निघतो तो काळा, ढेकळांचा. ही माती जोंधळ्याला चांगली, पैलवानाला वाईट: वाळली की दगड, भिजली की चिखल. खाली मुरूम लागतो, तो त्याहून वाईट. गुडघा टेकताना मुरमाचा एक खडा सापडला की महिनाभर बैठका बंद. म्हणून ओढ्याकाठचा गाळ आणि बारीक वाळू पाट्यांनी आणायची, काळीत मिसळायची, ढेकळं फोडायची, मग चाळायची. चाळण नसेल तर बोटांनी. बोटांनी चाळताना बाभळीचा काटा सापडतो, अर्ध्या बोटाएवढा, वाळून पांढरा पडलेला. तो तुम्ही वस्तादाला दाखवता. तो काटा हातात घेतो, टोकावर अंगठा फिरवून बघतो आणि म्हणतो, "जिथं एक असतो तिथं दोन असत्यात." दुसरा सापडायला तुम्हाला घटकाभर लागते.

आता मातीला खायला घालायचं. गवळ्याकडून ताक, आचाऱ्याकडून हळद, मशालजीची मनधरणी करून तेल. तालमीतल्या हौद्याला हे सगळं रोजचं असतं: ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कुठे कापूर, कुठे काव. ताकानं आणि तेलानं माती मऊ राहते, धूळ उडत नाही. हळद जखमेसाठी, कारण कातडी तर सोलवटणारच. छावणीत यातलं निम्मंच मिळतं. मशालजी तेल देताना कुरकुरतो, उद्या रात्री मशाली विझल्या तर नाव तुझं सांगीन म्हणतो.

संध्याकाळी दोन गडी उतरतात. एक पटवर्धनांच्या पागेतला, दुसरा नागपूरकरांच्या तळावरचा. उतरण्याआधी दोघं वाकून माती कपाळाला लावतात, शड्डू ठोकतात, मग मूठभर माती एकमेकांच्या खांद्यावर टाकतात, म्हणजे घामानं पकड निसटायला नको. भोवती माणसांचं कडं पडलंय. दोरी नाही, रेघ नाही. कडं हललं तर आखाडाही हलतो. नागपूरकर पट काढायला खाली शिरतो, दुसरा त्याला वरून दाबतो, मागे जाऊन कब्जा घेतो, आणि मग बराच वेळ काहीच होत नाही; नुसता श्वास ऐकू येतो, बैल चढावर असताना ऐकू येतो तसा. नवख्याला वाटतं दोघं दमले. वस्ताद मात्र खोगिरावरून उठून उभा राहतो. पुढच्या क्षणी घिस्सा बसतो, खालचा मानेवरून फिरतो आणि त्याचे दोन्ही खांदे मातीला लागतात. पंच कुणी नेमलेलाच नव्हता. लोक मातीकडे बघतात. भुसभुशीत मातीत दोन खांद्यांचे दोन खळगे स्वच्छ उमटलेत. वाद संपला.

बखरकार यातलं काही लिहिणार नाहीत. त्यांना तोफा मोजायच्यात.

दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला, तुमचा आखाडा घोड्यांच्या टापांखाली जातो. निजामाची फौज खर्ड्याहून पुढे निघालेली असते. परशुरामभाऊ पटवर्धन टेहळणीला पुढे गेलेले, तिथेच गाठ पडते. भाऊ जखमी होतात, त्यांचा पुतण्या विठ्ठलराव पडतो. मग भोसल्यांचे बाण सुटतात, शिंद्यांच्या कंपूतल्या पेरॉनच्या तोफा बोलायला लागतात. समोर निजामाकडे रेमंडच्या पलटणी. दोन्हीकडे फ्रेंच, आणि इंग्रज बाजूला उभे राहून बघतायत. तुम्ही मात्र खोरं खांद्यावर टाकून जिथे सांगतील तिथे माती उपसता आहात.

रात्र पडते. चंद्र उशिरा उगवणारा. मराठ्यांची एक लहानशी तुकडी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर जाते, तिथे नेमके निजामाचे लोक बसलेले. अंधारात कुणीतरी बार काढतो. त्या एका बारावर रेमंडच्या पहाऱ्यातून बार, त्यावर सगळ्या पलटणीचा गोळीबार, आणि कोण कुणावर झाडतंय हे न कळता तळच्या तळ उठतो. चंद्र वर येतो तेव्हा निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरत असतो. किल्ला निंबाळकरांनी जेमतेम पन्नास वर्षांपूर्वी बांधलेला, भुईकोट आणि लहान. एवढ्या मोठ्या लवाजम्याला तिथे पाणी पुरायचं नाही हे खणणाऱ्याला लगेच कळतं, दिवाणाला दोन दिवसांनी. वेढा पडतो, पाण्याचे हाल होतात, पाडवा वेढ्यातच उजाडतो. शेवटी तह ठरतो: दौलताबादेचा किल्ला, तीन कोटी रुपये, आणि दिवाण मुशीरउल्मुल्क पेशव्यांच्या हवाली. साऱ्या मराठा सरदारांनी एकत्र मारलेली ही शेवटची बाजी. एकवीस वर्षांचा पेशवा सवाई माधवराव ऑक्टोबरात शनिवारवाड्यात पडून गेला आणि पुढचं सगळं विस्कटलं.

पुण्यात आणखी एक गोष्ट सांगतात, ती आपल्या कामाची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन मल्ल पेशव्यांच्या दरबारी आले आणि त्यांनी जोड मागितली. कुणी पुढे होईना. बाळंभटदादा देवधर नावाचा तरुण ब्राह्मण मुदत मागून वणीच्या सप्तशृंगगडावर गेला, तिथे लाकडी खांबावर मेहनत करून आला आणि त्यानं अलीला चीत केलं. गुलाब उतरलाच नाही. मल्लखांब पुन्हा उभा राहिला तो इथून. गोष्टीत मारुतीचा दृष्टांत वगैरे आहे, तो ज्याला पटेल त्यानं घ्यावा. मला त्यातला खांब पटतो. जोड मिळत नसेल तर माणूस लाकडाशी झोंबेल, पण मेहनत चुकवणार नाही.

खोरं खाली ठेवू नका, कारण याच १७९५ सालात आणखी एक खेप आहे, पार समुद्रापलीकडे. खर्ड्याची लढाई व्हायच्या बारा दिवस आधी, २७ फेब्रुवारीला, जपानच्या एदो शहरात तानिकाझे काजिनोसुके नावाचा सुमो मल्ल तापानं गेला. इन्फ्लुएन्झाची साथ होती. सलग ६३ कुस्त्या जिंकलेला गडी, १७८९ मध्ये ओनोगावाबरोबर त्याला योकोझुनाचा मान मिळाला होता, १७९१ मध्ये दोघं खुद्द शोगुनासमोर लढले होते. एदो म्हणजे आजचं तोक्यो. तिथे तेव्हा कुस्त्या देवळांच्या आवारात उघड्यावर व्हायच्या, पाऊस आला की तहकूब. हे ऐकून खर्ड्याचा, नगर जिल्ह्यातला माणूस परका राहत नाही.

आणखी मागे गेलात तर तिथेही रिंगण नव्हतंच. प्रेक्षकांचं कडं म्हणजेच आखाडा. मग गर्दीत ढकलाढकली, मारामाऱ्या, आणि त्यातून हळूहळू भाताच्या पेंढ्याच्या पोत्यांची हद्द आली. आजचा दोह्यो बघायचा तर तोक्योच्या र्‍योगोकु भागातल्या कोकुगिकानमध्ये या. इथे तुम्ही योबिदाशी आहात. मल्लांची नावं पुकारणारे, ढोल वाजवणारे, मैदान झाडणारे आणि दोह्यो बांधणारे तेच. काम तीन दिवसांचं. चिकणमाती रचून चौथरा करायचा, तो ठोकून ठोकून असा घट्ट करायचा की दीडशे किलोचा माणूस नाचला तरी पावलाचा ठसा उमटू नये. वर पेंढ्याच्या वळकट्या अर्ध्या गाडून ४.५५ मीटर व्यासाचं वर्तुळ. वळकट्या ठोकून आकारात आणायला बिअरच्या रिकाम्या बाटल्या वापरतात. एवढा सोवळ्यातला आखाडा आणि हत्यार काय, तर बिअरची बाटली. मला हे लोक इथेच आवडायला लागतात.

सोवळं मात्र खरं आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पंच, म्हणजे ग्योजी, पुरोहिताच्या वेषात येतात आणि दोह्योच्या मध्यभागी केलेल्या खळग्यात मीठ, धुतलेले तांदूळ, सुकी चेस्टनट, सुकवलेलं माकूळ, समुद्री शेवाळ आणि कायाची फळं पुरतात. पुढचे पंधरा दिवस मल्ल त्याच मातीवर मुठीमुठीनं मीठ उधळतात. वर देवळासारखं छत. पूर्वी ते चार खांबांवर असे, १९५२ मध्ये लोकांना दिसत नाही म्हणून खांब काढले आणि छत वरून टांगलं, खांबांच्या जागी चार रंगांचे गोंडे आले. रूढी मोडायची नाही आणि तिकीट घेतलेल्याची अडचणही करायची नाही, हा हिशेब आपल्या देवस्थानांनाही कळतो.

पण खणणाऱ्याच्या नजरेनं बघा. दोन्ही आखाडे मातीचे, आणि काम मात्र नेमकं उलटं. तुम्ही खर्ड्याला माती सैल केली, इथे ती ठोकून घट्ट केली. सुमोत पाय रेषेबाहेर गेला की हरला, पावलाखेरीज अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला की हरला. बहुतेक कुस्त्या काही सेकंदांत उरकतात. तिथे मातीची कड महत्त्वाची. आपल्याकडे कडेला काही किंमतच नाही, गडी लोकांच्या मांडीवर जाऊन पडले तरी उचलून पुन्हा मध्ये आणतात. आपल्याकडे खोली महत्त्वाची, कारण माणूस आपटणार आहे, आणि आपटला तरी उद्या पहाटे तालमीत आला पाहिजे. कोणती रीत श्रेष्ठ, हे विचारू नका. मी पक्षपाती आहे.

मध्ये एक छोटी उडी, जास्त थांबायचं नाही. साल ११३० च्या आसपास, खर्ड्याहून आग्नेयेला कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचतोय, आणि त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मल्लविनोद' आहे. मल्लांच्या प्रती लावल्यात, सगळ्यात वरचा तो ज्येष्ठिक. खुराक काय, मेहनत कोणती, हेही राजाच सांगतोय. माती मऊ हवी हे त्याला कळतं. ती कोण मऊ करतं, हे लिहायची त्याला गरज वाटत नाही. तुम्ही तिथेही खोरं घेऊन उभे असता. चला.

१९६१. चैत्र. खर्ड्याच्या जत्रेचा दुसरा दिवस, दुपारचे चार. ऊन अजून कानशिलं भाजतंय. यावेळी अंगात पांढरा सदरा आहे, डोक्याला टोपी, आणि खोऱ्याचा दांडा हातांनी गुळगुळीत झालेला. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष होत आलंय. निजामाची मोगलाई जाऊन बारा वर्षं झाली, तरी म्हातारी माणसं पलीकडच्या गावांना अजून मोगलाईच म्हणतात: भूम, परांडा, आष्टी, पाटोदा. एके काळी खर्डा ब्रिटिशांचा आणि शेजार निजामाचा. कुस्तीला ती हद्द कधी आडवी आली नाही. जत्रेत तिकडचे पैलवान यायचे, इकडचे तिकडे जायचे, आणि घरी जाताना फेटा कुणाच्या मुलखातला हे कुणी विचारत नसे. आज बार्शी-करमाळ्याकडचेही आलेत. काही सायकलवर, काही एसटीच्या टपावर.

फड ओढ्याकाठी. कालपासून माती तयार करताय. तांबडी माती बैलगाडीनं लांबून आणलीय, तिचे पैसे पंचांनी जत्रेच्या वर्गणीतून दिलेत आणि दर वेळी वळून बघतायत, सांडत तर नाही ना. नारळ फुटतो, गुलाल उडतो, मारुतीच्या नावाचा गजर होतो. मग हलगी. हलगी सुरू झाली की खोऱ्याचाही हात ठेक्यात चालतो.

आधी रेवड्यांच्या कुस्त्या. सहा-सात वर्षांची पोरं, लंगोट बांधायचाय म्हणून आजोबा मध्ये उभे. एक पोरगं पडतं, रडतं, तरी रेवड्या दोघांनाही. मग नारळावरच्या. मग पाच रुपयांच्या. जोड ठरवायची रीत बघा: पैलवान उघड्या अंगानं मैदानातून चक्कर मारतो, हात वर करून. समोरून कुणी येऊन हात धरला की जोड ठरली. त्याआधी वस्तादांची नजर फिरलेली असते: उंची, मान, मांडी, आणि मुख्य म्हणजे कान. कान साबूत असले की गडी नवा.

"आरं, त्यो धरू नको, त्याचा दम लई हाय," मागून कुणीतरी आपल्या पोराला सांगतं. पोरगं तरी धरतं. खडाखडी होते, आतली टांग बसते, पोरगं आडवं. सांगणारा उठून निघून जातो, धोतर झटकत.

दोन कुस्त्यांच्या मधला वेळ तुमचा. माती पायांनी दाबली गेलेली असते, ती पुन्हा पालथी करायची. घामानं गोळे झालेत, ते फोडायचे. पाण्याचा हबका मारायचा, तोही बेतानं. लोक ओरडतात, "लवकर उरका!" पण वस्ताद मंडळी ओरडत नाहीत, ती बघत असतात तुम्ही कुठे खोरं घालताय. मघाशी जिथे गडी आपटला तिथे जमीन कडक झालेली असते. तिथे दोन हात जास्त. हे कुणी शिकवत नाही.

शेवटची कुस्ती सूर्य कलल्यावर. इनाम पंचांनी मघापासून तीनदा वाढवलंय, दर वेळी देणाऱ्याचं नाव भोंग्यावरून पुकारलं जातं आणि दर वेळी हलगीवाल्याला एक रुपया सुटतो. एक गडी इथला, काळासावळा, बुटका, कमरेत जाड. दुसरा कोल्हापूरच्या तालमीत राहून आलेला. कोल्हापूर म्हटलं की फडात कुजबुज होते. १९१२ मध्ये शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं तेव्हापासून ज्याला पैलवान व्हायचं त्यानं कोल्हापूरची वाट धरायची, असं ठरूनच गेलंय. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून ब्राँझ आणलं, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा गडी, त्यांचंही कॉलेज कोल्हापूरचं. दोन वर्षांपूर्वी श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, तेही त्याच मातीतले. आणि यंदा औरंगाबादला पहिल्या महाराष्ट्र केसरीचा मान दिनकर दह्यारींनी मिळवलाय.

बुटका गडी कोल्हापूरवाल्याला अंग देत नाही. मान पकडू देतो, हात पकडू देतो, कंबर देत नाही. दहा मिनिटं. वीस. मागून आवाज, "सोडवा, बरोबरीत सोडवा!" त्यावर दुसरा आवाज, "निकाली होऊ द्या, पैसे घातलेत!" कोल्हापूरवाला चिडतो. चिडला की पाय पुढे येतो. बुटका खाली बसल्यासारखा करतो, एक हात मांडीत घालतो, दुसऱ्यानं दंड ओढतो, आणि उठतो तो कोल्हापूरवाल्याला खांद्यांवर आडवा घेऊन. कलाजंग. क्षणभर दोघं तसेच. मग पाठीमागे टाकतो. टोप्या उडतात, लोक आत घुसतात, कडं फुटतं, माती तुडवली जाते. तुम्ही ओरडत राहता, "आरं बाजूला, बाजूला व्हा!" कारण पंचांना अजून खळगे बघायचे असतात.

खळगे दिसतात. दोन.

या फडात बायका लांब उभ्या आहेत, देवळाच्या ओट्यावर, पदर डोक्यावर. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, हा नियम तेव्हा कुणी बोलूनही दाखवत नसे, इतका तो गृहीत होता. दोह्योवरही तोच. २०१८ मध्ये मायझुरू शहराचे महापौर दोह्योवर भाषण करताना कोसळले, त्यांचा जीव वाचवायला काही बायका वर धावल्या, त्यात एक नर्स होती, आणि भोंग्यावरून त्यांना खाली उतरायला सांगितलं गेलं. नंतर सुमो संघटनेच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. बंदी उठली नाही. आपल्याकडे मात्र गोष्ट पुढे सरकली. याच नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या भाग्यश्री फंडचं नाव आज देशाच्या पातळीवर घेतलं जातं, २०२३ पासून महिला महाराष्ट्र केसरीही भरते. मातीनं कुणावर हरकत घेतली नव्हती. हरकत माणसांची होती, आणि या एका बाबतीत मी रूढीच्या बाजूनं बोलणार नाही.

२०२५. २ फेब्रुवारी, अहिल्यानगरचं वाडिया पार्क. खर्ड्याहून निघालात तेव्हा किल्ल्याजवळचा भगवा ध्वज मागे दिसत होता, २०२१ च्या दसऱ्याला उभारलेला, ७४ मीटरच्या खांबावर. किल्ल्याला आता शिवपट्टण म्हणतात. जिल्ह्याचंही नाव बदललंय. खोऱ्याचं नाही.

महाराष्ट्र केसरीचे दोन विभाग: माती आणि गादी. माती विभागाचा हौदा तुमच्या ताब्यात आहे, ट्रकनं माती आली, तुम्ही आणि आणखी काही जणांनी ती तयार केली. ताक घातलंत, लिंबं पिळलीत, हळदीनं हात पिवळे केलेत. पण अंतिम कुस्ती गादीवर. माती विभागाचा विजेता महेंद्र गायकवाड, गादी विभागाचा पृथ्वीराज मोहोळ. तुम्ही खोरं घेऊन कडेला उभे. गादीला खोरं लागत नाही, तिला पुसणी लागते. एक पोरगा ती मारतो, दोन मिनिटांत गादी तयार.

गादी वाईट नाही हे आधी कबूल करा. ऑलिंपिकला माती नाही. खाशाबा १९४८ मध्ये लंडनला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, तरी सहावे आले, आणि चार वर्षांनी पदक आणलं ते गादीचे नियम शिकून. ज्याला पुढे जायचंय त्यानं गादी धरलीच पाहिजे. पण गादी विभागातल्या उपांत्य कुस्तीत, मोहोळविरुद्ध शिवराज राक्षे, खांदे टेकले की नाही यावरून जो भडका उडाला, तो बघताना तुम्हाला हसू येतं आणि लगेच वाईटही वाटतं. पंच, चित्रफीत, दाद मागणं, आरडाओरडा. गादी दाबली जाते आणि लगेच वर येते. तिच्यावर काहीच उरत नाही. तुमच्या मातीत हा वाद एका मिनिटाचा होता. अर्थात मातीतही लबाड पंच असतात, खळगे पायानं पुसणारे लोक असतात. मी तसे फड बघितलेत.

अंतिम कुस्ती मोहोळनं जिंकली. दोन महिन्यांच्या आत, मार्चमध्ये, याच जिल्ह्यातल्या कर्जतला आणखी एक महाराष्ट्र केसरी भरली, दुसऱ्या गटाची. तिथे सोलापूरचा वेताळ शेळके जिंकला. एका जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन केसरी. खणणाऱ्याला दुप्पट मजुरी, एवढाच काय तो फायदा.

पण ते पुढचं. आज रात्री वाडिया पार्क मोकळं करून द्यायचंय. मंडप सुटतोय, खुर्च्या रचल्या जातायत, आणि तुमचा हौदा उकरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरला जातोय. इतकं ताक प्यालेली माती टाकून देणार का, म्हणून तुम्ही ड्रायव्हरला विचारता, कुठे चाललीय.

"जामखेडाकडं. तिकडं पोरांनी तालीम काढलीय, त्यांनी सांगितलंय, निम्मं डिझेल देतो म्हणून."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते तुम्ही द्या. आन् नुसतं इचारत काय बसलाय, खोरं हाय ना हातात? भरू लागा."

तुम्ही भरायला लागता. ट्रॉलीच्या तळाशी आधीच्या खेपेची खडी आहे, मूठभर. ड्रायव्हर म्हणतो राहू द्या, कोण बघतंय. तुम्ही ट्रॉलीत चढून ती वेचायला लागता, आणि तो घड्याळ बघत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत इंजिन बंद करतो.